आधी विचारपूस, मग कथा

"कोणाला पटणार नाही, पण माझी पहिलीच ब्लॉगकथा वाचून अख्खा ब्राझील ढसाढसा रडला!" असं म्हणत मी भर कॉफीखान्यात फोन हुसाम न्हाव्याच्या हातात ठेवला. त्रिपोलीच्या या कॉफीखान्यात जन्मभर मी उंच खुर्चीत बसून कथा सांगितल्या. मग त्या जागी टीव्ही आला. हुसामने डिवचलं होतं, "अबू नुहाद, आता ब्लॉगवर सांग. एका जरी परक्याचं उत्तर आलं, तर टीव्ही मी स्वतः उचलून बाहेर नेईन. नाही आलं, तर इथे पुन्हा तोंड उघडायचं नाही." मग मी सांगत गेलो, नात रुवैदा टाइप करत गेली. नवख्या लेखकाला त्या ब्लॉगच्या साइटवर शंभरच शब्द मिळतात. आता हुसाम मोठ्याने वाचू लागला, "सलाम, वाचकहो! तब्येत कशी? आई बरी आहे ना? वडील? मुलंबाळं? ऑलिव्हचं पीक?" अशी चौकशी करता करताच शंभर शब्द संपले. "म्हाताऱ्या, ही नुसती विचारपूस! कथा कुठाय?" "घरच्यांची चौकशी न करता कथा सुरू करायला मी काय टीव्ही आहे?" मी म्हणालो. "खाली बघ." त्याने वाचलं, "'काका, मी ब्राझीलहून सल्मा. आई बरी आहे. वडील गेले. इतक्या आपुलकीने कोणी विचारलंच नव्हतं, रडू आलं. आता कथा सांगा.'" हुसामने मुकाट्याने टीव्हीची वायर काढली, तो उचलून खांद्यावर घेतला आणि दारातून ओरडला, "अख्खा ब्राझील कुठला, थापाड्या? एकच बाई रडली!"