चप्पल कुठवर बांधू?

मासळीची तेविसावी पेटी चढली तरी पिकअपचं मागचं अंग तसूभरही खाली बसलं नाही, आणि मोझेसने उत्तनच्या बंदरावर उभं राहून टाळ्या पिटल्या.

"बगा, बगा! हलली पन न्हाय! दत्ता मेस्त्रीचा हात हाय त्यो."

बंदरावरच्या चार-सहा जणांनी वळून दत्ताराम मेस्त्रीकडे पाहिलं. दत्ताराम ओशाळं हसला. त्र्याण्णव सालच्या हंगामातली ही पहिली खेप. भाईंदरच्या दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केल्यावर त्याने हे काम अंगावर घेतलं होतं. भंगारातल्या मोठ्या टेम्पोचा दणकट ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांसकट उतरवून त्याने मोझेसच्या पिकअपला मागे बसवला होता. बसला होता मात्र झकास, त्यात वाद नाही. "पहिल्या खेपेला तू पायजेस," असं मोझेसने बजावलं म्हणून तो आज जेसल पार्कहून स्कूटर काढून आला होता. रस्ताभर एकच वाक्य घोकत आला होता, आणि आल्यापासून तेच गिळत होता.

वाक्य साधं होतं. मागचे ब्रेक आता मोठ्या गाडीचे आहेत, पण त्यांना जोर देणारा पंप जुन्या गाडीचाच राहिलाय. तो पुरत नाही. रिकामी गाडी फिरवून पाहिली तेव्हाच पेडल दोन बोटं जास्त खाली गेलं होतं. मोठा पंप मिळवून बसवायचा तर आणखी आठ दिवस लागले असते. पण तोवर मोझेसने गावभर डंका पिटला होता आणि गॅरेजात येईल तो पाठ थोपटत होता. चटक लागली कौतुकाची, दुसरं काय! आज सांगू, उद्या सांगू करत त्याने गाडी देऊन टाकली.

"बर्फाच्या आजून आठ चढवा रं!" मोझेस ओरडला आणि स्टिअरिंगवर बसून त्याने ऐटीत इंजिन चालू केलं.

त्याची बायको बेट्टी मात्र गाडीच्या मागे उकिडवी बसली होती. मागच्या बंपरला सुतळीने एक जुनी चप्पल टांगलेली होती, दृष्ट लागू नये म्हणून टांगतात तशी. कपाळाला आठ्या घालून ती त्या चपलेकडे बघत होती.

"काय झालं, वैनी?"

"ही टेकतच न्हाय, मेस्त्री."

"ती टेकायला कशाला पाहिजे?"

एवढा मोठा मेस्त्री असून हे कसलं विचारतोय, अशा नजरेने बेट्टीने त्याच्याकडे पाहिलं. "मंग मला कलनार कसा? धा वर्सं मी हिच्यावरच पेट्या थांबवते. चप्पल भुईला टेकली का भरनं बंद. मंग ह्यो किती पन ओरडू दे. डोंगरीच्या उतारावर बाजूला मीच असते ना बसलेली!"

दत्तारामने वाकून पाट्यांकडे पाहिलं. भरलं की जुने पाटे वाकायचे, गाडी खाली बसायची, चप्पल टेकायची. वजनकाट्याची गरजच नव्हती. हे नवे पाटे तीस पेट्यांनीही वाकायचे नाहीत. गाडीने आपणहून "पुरे" म्हणायचं सोडून दिलं होतं, आणि ते त्याच्याच हातून झालं होतं. पंपाचा गुन्हा त्याला ठाऊक होता. हा दुसरा त्याला आत्ता, एका बाईच्या तोंडून कळत होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

बेट्टीने गाठ सोडली आणि सुतळीसकट चप्पल त्याच्यापुढे धरली. "गाडी तुमी बांधली. तुमीच सांगा, आता चप्पल कुठवर बांधू?"

त्याने चप्पल घेतली. पळवाट त्याला लगेच सुचली. सुतळी सैल सोडायची, आत्ताच टेकेल अशी बांधायची. बेट्टी आठ पेट्या अडवेल, आजचा दिवस निभेल, कोणाला काही सांगायला नको. त्याने गाठ मारायला हातही घातला. पण उद्या सकाळी रिकाम्या गाडीलाही ती टेकलेलीच असणार, आणि बेट्टी हसून चार बोटं वर घेणार. परवा आणखी चार. आणि उतारावर मोझेस पेडल दाबेल तेव्हा त्याच्या बाजूला हीच बसलेली असणार.

"कुठेच नको, वैनी," तो म्हणाला. "पेट्या उतरवायला सांगा."

"किती?"

"सगळ्या."

बेट्टीने त्याचा चेहरा नीट पाहिला. कारण काही विचारलं नाही. चप्पल त्याच्या हातून काढून घेतली आणि पुढच्या बाजूला मानेने खूण केली.

"त्याला तुमी सांगा. माजं आयकत न्हाय त्यो. तुमचं आयकतो."

दत्ताराम चालकाच्या खिडकीशी गेला. त्याने तोंड उघडायच्या आत मोझेसने वर्तमानपत्रात गुंडाळलेली पापलेटं बाहेर काढली. "हे घे, घरी वैनीला दे. आन् आयक, शेजारच्या ॲलनला सांगितलाय मी. सोमवारी त्याची पन गाडी आनतो तुज्याकडं. डोले मिटून दे म्हटलं."

दत्तारामने पुडकं घेतलं नाही.

"मोझेस, इंजिन बंद कर."

मोझेसने का म्हणून विचारलं नाही. मेस्त्री सांगतोय, म्हणून हसत हसत त्याने ते बंद केलं.