घरमालकाचा आवाज

सबनीस किल्ल्या घ्यायला आले, तेव्हा रेवतीने नानांची दुर्बीण पुसून टेबलावर ठेवली होती. "माझ्यामागे ही आपल्या घरमालकांना दे," असं नाना तिला बजावून गेले होते.

"मला? ती कशाला?" सबनीस म्हणाले.

"तुम्ही रोज संध्याकाळी फोनवर विचारायचात ना, आज खंड्या पक्षी आला होता का म्हणून? नाना त्या फोनची वाट बघत बसायचे."

"छे गं! तो माझा मॅनेजर. यंत्र आहे ते, माझ्या आवाजात भाडेकरूंशी बोलतं. गोड बोललं की माणूस कटकट करत नाही." सबनीस स्वतःवरच खूश होऊन हसले. "नळ गळतोय म्हणून कधी भांडले का तुझे वडील?"

गळका नळ नाना चिंधीने बांधून ठेवायचे. मित्राला कशाला त्रास द्यायचा, म्हणायचे. हे या माणसाला सांगणंही रेवतीला नानांचा अपमान वाटला.

"नानांबद्दल दोन शब्द तुम्ही स्वतः बोला," ती म्हणाली, "आणि दुर्बीण घेऊन जा."

सबनीस गडबडले. मग फोन कानाला लावत म्हणाले, "थांब हं, मी त्यांच्याशी काय काय बोलायचो ते मॅनेजरला विचारून घेतो."

रेवतीने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि दुर्बीण आपल्या पिशवीत टाकली. त्यांचं विचारून होईपर्यंत ती जिना उतरलीही होती.