पहिली मूठ

गुलाल लावून हरलेली माणसं कधी पाहिलीत? साक्रीच्या रस्त्यानं टेम्पोत उभी राहून ती येत होती. तोंडं लाल, डोकी लाल, आणि माना खाली.

प्रत्येक फाट्यावर कुणी तरी हात वर करायचं. "काय अभिमनभाऊ, मारी का बाजी?"

अभिमनच्या अंगाची लाही लाही व्हायची. पंक्चरच्या दुकानाला कुलूप ठोकून तो टीमच्या मॅचला जायचा. स्वतःच्या लग्नात नाचला नाही इतका मैदानाबाहेर नाचायचा. जिंकल्यावर गुलालाची पहिली मूठ त्याची, हा गावात नियमच होता. आज धुळ्यात सेमीफायनल. गावच्या हॉकी टीमनं इथपर्यंत कधी मजल मारली नव्हती. वारंसुद्धा आपल्या पाठीशी आहे, असं तो सकाळपासून सांगत होता.

आणि मॅच घालवली कुणी, तर त्या तेजसनं!

वेळ संपली तरी बरोबरी. जादा वेळ झाला तरी बरोबरी. मग शूटआऊट. एकटा खेळाडू, समोर एकटा गोलकीपर आणि आठ सेकंद. त्यातही बरोबरी सुटेना. शेवटी तेजस आला. गोलकीपरला असा चकवला की तो गडी आडवाच झाला. समोर गोल मोकळा! चेंडू नुसता ढकलायचा होता. गोलमागच्या जाळीला चिकटून उभ्या असलेल्या अभिमननं मूठ उधळली, बँडवाल्यानं ठोका धरला, आणि हे कार्टं थांबलं. चांगलं उभं राहिलं. त्यानं चेंडू ढकलला तोवर भोंगा वाजून गेला होता. इकडे बाकीच्यांनी गुलालाची पोतीच्या पोती रिकामी केली होती. पंचांनी हात हलवून 'गोल नाही' म्हटलं तेव्हा अभिमनचा दोस्त पुना दुसऱ्याच्या खांद्यावर नाचत होता. पुढच्याच फेरीत समोरच्या टीमनं गोल मारला आणि मॅच गेली.

"थांबना कसाले तो?" पुना टेम्पोत दहाव्यांदा म्हणाला.

"फोटोसाठी थांबला असेल!" अभिमन गरजला. "आईची आण घेऊन सांगतो, ज्यानं ही मॅच घालवली त्याला मारुतीच्या पायरीवर नाक घासायला लावीन. बठ्ठ्या गावासमोर, सगळ्यांदेखत! आणि पुन्हा मैदानात पाय ठेवू देणार नाही."

टेम्पो थेट तेजसच्या घरासमोर थांबला. टीम हॉकीच्या सरांच्या जीपनं आधीच पोचली होती. सगळे गल्लीत उभे राहिले, अभिमन एकटा अंगणात शिरला. तेजस खाटेवर मान खाली घालून बसलेला. त्याची आई द्रौपदाबाई कमरेवर हात देऊन समोर उभी.

"का थांबलास?" अभिमननं त्याची कॉलर धरली.

"मी चुकनू, भाऊ."

"चुकनू? समोर गोल मोकळा होता! वर बघ. माझ्याकडे बघून सांग!"

पोरगं वर बघेना. डोळे मिटलेले, गालांवर पाणी. आता रडतोय लेकाचा!

"सांग ना रे मुडद्या!" द्रौपदाबाई अभिमनपेक्षा वरच्या पट्टीत ओरडली. "मूग गियीसन काय बठना? का थांबना ते सांग ना त्याले!"

आईसुद्धा आपल्या बाजूनं आहे म्हटल्यावर अभिमनला चेव चढला. त्यानं खाडकन तेजसच्या कानाखाली ओढली. पोरगं डोळे मिटून तसंच बसलं.

द्रौपदाबाईनं कमरेवरचे हात खाली घेतले. मग थंडपणे म्हणाली, "मारं ना? जीव थंडा व्हयना? आते त्या बादलीवर तोंड धुई ले, आणि मंग जाय. लाल तोंडनं मना दारमा उभा राहू नको."

बोलणं झोंबलं. पण तोंडाला खाज सुटली होती हेही खरं. अभिमन मोरीशी गेला, बादलीवर वाकला, दोन्ही हात पाण्यात घालणार तोच थबकला.

पाणी आधीच लाल होतं.

दोरीवर टॉवेल होता, तोही लाल. हरलेल्या टीमला कोण गुलाल लावणार? पोरं तर मॅच गेल्यावर मैदानातच बसली होती.

"अक्का, हाई पाणी लाल कसं?"

"मी काहीच बोलाव नही. त्यानी माले आण घाली शे," द्रौपदाबाई म्हणाली. "तीनदा बदलं ते पाणी. तरी डोया उघडत नही त्याना."

अभिमनला जाळी आठवली. मोकळा गोल आठवला. पाठीमागून सुटलेलं वारं आठवलं. त्यानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं आणि मग खाटेकडे.

"बोलला का नाहीस रे?"

तेजसनं डोळे न उघडता मान हलवली. "गाव तुले खाई टाकतं, भाऊ."

गल्लीतून पुना ओरडला, "काय भाऊ, सांगं का त्यानी? बाहेर आन त्याले!"

अभिमन तोंड न धुताच बाहेर आला. घोळका पुढे सरकला. त्यानं पुनाला हातानं बाजूला केलं.

"मॅच घालवणारा सापडला. चला मारुतीला," तो म्हणाला.

"कुठे शे तो?"

अभिमन सगळ्यांच्या पुढे चालत गेला, आणि मारुतीच्या पायरीवर वाकून त्यानं आपलं गुलालानं माखलेलं नाक दगडावर घासलं.