खळ्या

संयोगिताच्या मांड्यांवरच्या खळ्या पाहून नवरा, अमरसिंह, नेहमी म्हणे, “गुळाची ढेप हाय नुसती!” मलमे, मालीश, रंकाळ्याभोवतीच्या फेऱ्या, सारे करून थकल्यावर ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“हा आजार नाही. कातडीखालच्या चरबीची ही ठेवण आहे. उपायांनी थोडी कमी दिसेल, पण पुरती जाणार नाही. दहातल्या नऊ बायकांना असते,” त्या म्हणाल्या.

कितीतरी दिवसांनी हलक्या मनाने ती घरी आली. “ऐकलं का? समद्याच बायकांना असत्यात म्हणं खळ्या. शेजारच्या दीप्तीवहिनी कायम पायघोळ साडीत, पण त्यांनाबी असणारच की!”

 

वर्तमानपत्रातून मान वर न काढताच अमरसिंह म्हणाला, “छ्या! तिला एकबी न्हाय.”