स्वच्छ आवाज

काकांनी पिशवीतून गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची तीन पेडल काढून काउंटरवर मांडली. "ही ज्याच्यावर चांगली वाजतील, असा अ‍ॅम्प्लिफायर द्या. जुन्या धाटणीचा, ट्यूबवाला. लेकीला तसलाच हवा होता."

दुकानदाराची कळी खुलली. हल्ली असं दर्दी गिऱ्हाईक येतं कुठे? त्याने पेडल खाली जमिनीवर ठेवली, भिंतीवरची गिटार काढली आणि एकेक अ‍ॅम्प जोडून पाहिला. एकावर पेडलचा आवाज फाटत होता, दुसऱ्यावर पार दबून जात होता. तिसऱ्याच्या ट्यूब तापून उजळल्या, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. मग त्याने शेवटचं पेडल दाबलं, वाजवलेलं साठवून पुन्हा पुन्हा ऐकवणारं. त्यात आधीचंच काहीतरी होतं. नवशिक्या हाताची, मध्येच अडखळणारी एक धून दुकानभर घुमली. काकांनी डोळे मिटले.

"कुणाचं तरी राहिलंय वाटतं," दुकानदार म्हणाला आणि सवयीप्रमाणे पेडल पायाखाली दाबून धरत त्याने त्यातली धून पुसून टाकली. लगेच हातातल्या गिटारवर स्वतः एक झकास तुकडा वाजवून त्यात भरला. "बघा काका, कसा स्वच्छ आवाज येतो! लेकीला म्हणावं, बिनधास्त घे."

"हाच द्या," काका पाकीट काढत म्हणाले. "फक्त मघाचं ते एकदा परत लावा. नेहमी तिथेच अडखळायची ती. तेवढंच राहिलंय तिचं."

दुकानदाराचा पाय अजून पेडलवरच होता.