घुंगराचा दोरा

"तुझी ती गाडी मंगळवारी आली, तर मी शिडी वर ओढून घेईन," केओमा म्हणाली. "चढू दे मग कुणाला चढायचं ते."

बुआफान हसली आणि चपला खाली काढून वर आली. गावातली दहा घरं तिच्या वाट्याची होती. मानधन नावापुरतं, बोलणी मात्र पोटभर. दर गुरुवारी ती आरोग्य केंद्राची निळी पिशवी खांद्याला लावून निघे, रक्तदाब बघे, गोळ्या देई आणि कुणाकडे काय शिजतंय ते वासावरून ओळखे. केओमाचं घर सगळ्यांत शेवटचं, नदीकाठी लाकडी खांबांवर उभं. थंडीत दहा वाजले तरी तिथलं धुकं उठत नसे. छपरावर ओणवलेलं, लिचीसारखी फळं देणारं लोंगानचं झाड, रांजण, शिडी, सगळं अर्धं असायचं आणि अर्धं नसायचं.

केओमा पंचाहत्तरीची. तिची लेक नोयना चौतिसाची. नोयना म्हणजे त्यांच्या भाषेत सीताफळ. ती जन्मली तेव्हा डॉक्टरांनी डाऊन सिंड्रोम सांगितला, आणि गावानं सांगितलं की पोरीचा अर्धा जीव वाटेतच राहिलाय. केओमानं दोन्ही ऐकून घेतलं आणि पोरीला पाठीशी बांधून शेतात गेली.

आज पिशवीत एक कागद होता. शहरातल्या, परावलंबी माणसांना सांभाळणाऱ्या निवासात एक खाट रिकामी झाली होती आणि यादीत या घराचा नंबर पहिला होता. इथे सांभाळ नीट होत नाही असं बुआफाननं लिहिलं, की मंगळवारी गाडी येणार. मग या घरात एकच माणूस उरणार.

गेल्या वर्षी पलीकडच्या आळीत तिनं असंच लिहून दिलं होतं. तो माणूस गाडीत बसल्यावरही मागे वळून बघत राहिला होता. बुआफान अजून त्या आळीतून जायचं टाळते.

"मी एवढंच बघणार मावशी, सांभाळणारं माणूस धड आहे की नाही."

"मग बघ की. मी काय तुला मोडकी दिसते?"

"आज खाल्लंत काय?"

"चिकट भात आणि भाजलेल्या मिरचीची चटणी. पहाटे उठून मीच वाफवला. हिच्यावर सोडलं असतं तर दोघी उपाशी."

शेगडीवर आल्याची पेज होती. भात वाफवायची बांबूची टोपली खुंटीला कोरडी लटकत होती. नोयनानं पेजेवर झाकण ठेवलं.

"नोयना, गॅस बंद करून दाखव बरं."

नोयनानं शेगडीचा खटका फिरवला, मग वाकून टाकीचाही.

"घरात कुणी पडलं तर?"

"उचलायचं नाही. तुला फोन करायचा, ताई."

"मी नाही घेतला तर?"

"विहारात जाऊन घंटा वाजवायची. भंते येतात." नोयनानं शिडीकडे बोट दाखवलं. "पळत जायचं नाही. शिडी ओली असते."

"पोपटासारखं पढवलंय मी," केओमा म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "पण खरं सांगू? भरवसा नाही गं. गेल्या पावसाळ्यात झोपेतून उठून नदीत चालत गेली होती. कमरेएवढं पाणी. नशीब, वेळेवर हाताला हात लागला. तेव्हापासून हा दोरा."

भिऊन जीव अंगाबाहेर गेला, की गावातला जाणता त्याला हाका मारून परत बोलावतो आणि मनगटाला पांढरा दोरा बांधतो. तो मनगटापुरताच असतो. या घरातला दोरा मात्र चांगला चार हात लांब होता आणि त्यात एक घुंगरू ओवलेलं होतं. एक टोक केओमाच्या हाताला होतं, दुसरं चटईवर पडलेलं होतं.

"हिच्या हाताला अडकवते आणि मग झोपते. ही हलली की मला कळतं. रोज मीच बांधते."

बुआफाननं दोरा हातात घेतला. चटईवरच्या टोकाला सैल फास होता, बोटानं निघेल असा. केओमाच्या उजव्या मनगटावर दुहेरी गाठ होती, घट्ट आणि नेटकी.

"छान बांधलाय," ती म्हणाली.

नोयना लाजली.

"वाईट लिहू नकोस गं बाई," केओमा म्हणाली. तिचे डोळे जड व्हायला लागले होते. "आम्ही एकमेकींशिवाय झोपत नाही. हे बघ, दारात लोंगानचं रोप लावलंय. पहिला बहर तुझा."

बोलता बोलताच ती कलंडली. नोयनानं तिला गोधडी घातली, उशी सारखी केली आणि चटईवरचं टोक आपल्या मनगटात अडकवलं. धुकं आता घरात आलं होतं.

बुआफाननं कागद तिच्यापुढे सरकवला. "इथे तुझं नाव लिही. सावकाश."

नोयनानं जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढलं. शेवटचं अक्षर पुरं व्हायच्या आत घुंगरू वाजलं.

केओमा उठून बसली होती. तिनं दाराबाहेर पाहिलं, मग नोयनाकडे. पाहुण्या बाईशी बोलावं तशा अदबीनं तिनं विचारलं, "बाई, माझी पोर दिसली का हो कुठे? नदीकडे गेली असेल. मी बघून येते."

"नाही गेली. मी आत्ताच बघून आले," नोयना म्हणाली. "झोपलीय ती. तुम्हीपण झोपा, आजी."

केओमा समाधानानं आडवी झाली. बुआफाननं कागद उचलला. 'सांभाळणारी व्यक्ती' या ओळीवर नोयनाचं नाव होतं. त्याच्या खालच्या ओळीवर, शहरातल्या खाटेसाठी लिहिलेलं केओमाचं नाव बुआफाननं खोडून टाकलं.