आतलं कापड

तिसरं बटण काही केल्या लागेना. तिनं श्वास ओढला, पोट आत घेतलं, बोटं पांढरी होईस्तोवर दोन्ही कडा खेचून बघितल्या. बटण काजापासून चांगलं दोन बोटं लांबच राहिलं. आणि उद्या सकाळी सातला हा पांढरा युनिफॉर्म घालून वॉर्डात हजर व्हायचं होतं, साडेचार महिन्यांनी.

"झालं," ती म्हणाली. "पहिले पाढे पंचावन्न."

"काढ तो, आण इकडे," नवरा मशीनवरूनच म्हणाला. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं शिलाईचं दुकान. अख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. "पाय मोडल्यावर वजन वाढणारच की. तू काय हौसेनं पडलीस?"

दोन वर्षांत अठ्ठावीस किलो उतरवले होते तिनं. पहाटे उठून, उकडलेलं गिळून, वॉर्डात कुणाचा वाढदिवस असला की तोंड फिरवून. मग हॉस्पिटलच्या जिन्यावरून पाय घसरला, घोटा मोडला, आणि पलंगावर पडल्या पडल्या तेरा किलो परत आले. आजारपणात माणसं वाळतात म्हणे. हिचं सगळंच उफराटं.

"काढून काय होणार?" ती म्हणाली. "चार वेळा आत घेतलाय तुम्ही तो. आता कापड काय आकाशातून आणणार?"

"बघ तर."

तिनं गाऊन अंगात अडकवला आणि युनिफॉर्म त्याच्या हातात दिला. मास्तरनं तो उलटा केला, ब्लेड घेतलं आणि बगलेपासून खालपर्यंत शिवण सरसर उसवली. तिच्या बाहेर आधीची शिवण तशीच होती. तीही उसवली. तिच्याही बाहेर आणखी दोन होत्या, आणि त्यापलीकडे अगदी मूळची. चारही वेळचं कापड सगळंच्या सगळं आत दुमडून ठेवलेलं होतं. कात्री एकदाही लागली नव्हती.

"हे घे. दोन शिवणी सोडल्या. नवी टीप घालायचंसुद्धा काम नाही," तो खुशीत म्हणाला.

ती त्या कापडाकडे बघतच राहिली.

"म्हणून टोचायचं होय," ती म्हणाली. "दोन वर्षं दोन्ही कुशी लाल व्हायच्या माझ्या. तुम्ही म्हणायचात, नवा दोरा आहे, धुवून मऊ पडेल."

"अगं, शिंप्याची सवय ती. एकदा कापलेलं कापड परत जोडता येतंय का?"

"गिऱ्हाइकाचं कापता. जाड राहतं, टोचतं म्हणून तुम्हीच कापता. रोज बघते मी."

मास्तरनं दोऱ्याचे तुकडे उगाचच गोळा केले.

"आणि कापलं असतं तर?" तो हळू आवाजात म्हणाला. "उद्या काय घातलं असतंस?"

आत जाऊन तिनं युनिफॉर्म घातला. तिसरं बटण अलगद लागलं, मग चौथं, मग पाचवं. अगदी मापात बसला मेला. बटण लागत नव्हतं तेव्हा दाबून धरलेलं रडू आता मात्र आवरेना.

"तुम्हाला कधी खरं वाटलंच नाही," ती बाहेर येत म्हणाली. "टेप लावायचात, अजून दोन इंच गेले म्हणून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचात. गिऱ्हाइकांपुढं मिरवायचात मला. आणि मागून हे!"

"दुष्टपणा करायचा होता का मला?" तो म्हणाला. "याआधी तीनदा बघितलंय गं तुला. वजन उतरवायचीस, ते परत यायचं, आणि मग दोन-दोन दिवस उशीत तोंड खुपसून पडायचीस. म्हटलं, निदान आपल्या हातच्या कपड्यानं तरी हिला रडवू नये."

त्यानं हे मायेनंच केलं होतं. तिलाही ते कळत होतं, आणि म्हणून तर धड भांडताही येईना.

तिनं खुंटीवरचा दुसरा युनिफॉर्म काढला. तोही तसाच, चार वेळा आत घेतलेला. उलटा करून तिनं तो मशीनसमोर पसरला आणि कात्री मास्तरच्या हातात दिली.

"याचं आतलं कापा. हा मी वर्ष संपायच्या आत घालणार."

"आत्ताच कशाला? कापड वाया जाईल."

"वाया का जाईल?"

मास्तरनं कापड हातात घेतलं, कात्री उघडली. तीस वर्षं लोकांच्या लग्नाचे कोट बेतले होते त्यानं, एकदाही हात अडखळला नव्हता. कात्री कडेला टेकली आणि तिथंच थांबली. त्यानं एकवार तिच्या सुजलेल्या घोट्याकडे बघितलं. मग कात्री मिटून खाली ठेवली.

"महिनाभर जाऊ दे," तो म्हणाला. "मग बघू."

तिनं युनिफॉर्म उचलला, सुलटा केला, घडी घातली. पदर नव्हता म्हणून बाहीनंच डोळे पुसले. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते तशा सरळ आवाजात ती म्हणाली,

"उद्या पहाटेपासून परत चालायला जाणार आहे. गल्लीच्या टोकापर्यंत जमलं तरी पुष्कळ झालं."

"जा की," मास्तरला जरा हायसं वाटलं. "मी उठतो नेहमीसारखा, तुझ्यामागं दार लावून घ्यायला."

"नको. झोपा तुम्ही," ती म्हणाली. "मी बाहेरून कुलूप लावून जाईन."